स्क्रीनवर ६४, पाण्यात ५८: सू वीड मशीनच्या खरेदीत झालेली फसवणूक

सू वीड मशीन घ्यायच्या विचारात असाल, त्यातही एखाद्या शॉपिंग साइटवर ते निम्म्या किमतीत दिसतंय म्हणून बोटं शिवशिवत असतील, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. मला विकलेलं मशीन बंद पडलं असतं तर बरं झालं असतं, तिसऱ्या दिवशी परत गेलं असतं. पण ते छान चालत होतं. दिवा लागायचा, पाणी फिरायचं, ठरलेल्या वेळी टुंग वाजायचं. फक्त स्क्रीनवरचा आकडा खोटा होता, आणि सू वीडमध्ये आपण पैसे मोजतो ते त्या आकड्याचेच.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मांस, मासा, अंडं किंवा भाजी पिशवीत हवा काढून बंद करायची आणि ठरावीक तापमानाच्या पाण्यात तास-दोन तास ठेवायची. पातेल्याच्या कडेला दांड्यासारखं मशीन अडकवायचं, ते पाणी तापवतं आणि फिरवतं. चिकन ब्रेस्ट ६० ते ६२ अंशांवर केलं की सुरीखाली रस सुटतो, कुकरमधल्यासारखा चोथा होत नाही. आपल्याकडे चिकन भरपूर उकळूनच खायची सवय, त्यामुळे ६० ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता. पण जंतू मरतात ते तापमान आणि वेळ या जोडीने. ७४ अंशांना क्षणात जे होतं तेच ६० अंशांना होतं, मात्र चिकनचा गाभा ६० ला पोचल्यावर पुढे अर्ध्या तासाच्या आसपास तिथे टिकावा लागतो. म्हणून जाड तुकड्याला दीड-दोन तास देतात. हा सगळा हिशोब मशीन ६० म्हणतंय तेव्हा पाणी ६० ला आहे, या एका गोष्टीवर उभा आहे.

आता विक्रेत्याचं पान. फोटो एका नामांकित कंपनीच्या मशीनचे, फक्त लोगो पुसलेला. १२०० वॅट, ०.१ अंश अचूकता, दोन वर्षांची वॉरंटी, सोबत तीस पिशव्या आणि हातपंप फुकट, किंमत ५,४९९ रुपये. रेटिंग साडेचार तारे, रिव्ह्यू शेकड्यांनी. वरचे रिव्ह्यू नुसतेच 'गुड प्रॉडक्ट' छापाचे होते. ते तारीखवार लावून अगदी जुन्यांपर्यंत खाली गेलं की गंमत दिसते: 'फिटिंग मस्त, कॅमेऱ्याजवळ कट बरोबर आहे.' म्हणजे तारे मिळाले होते मोबाईलच्या बॅक कव्हरला. जुन्या पानावरचं सामान बदलायचं आणि तारे तसेच ठेवायचे, हा या धंद्यातला चालू उद्योग आहे. तेव्हा रिव्ह्यू वाचायचेच असतील तर सगळ्यात जुने आधी वाचा.

खोक्यात एक चकचकीत कार्ड होतं: 'पाच तारे द्या, ३०० रुपये कॅशबॅक मिळवा', खाली क्यूआर कोड. हे कार्ड दिसलं की तिथेच समजायचं काय ते. शिवाय पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार. मी तो कोड स्कॅन केला नाही. मशीनवर आयएसआयचं चिन्ह मात्र ठसठशीत छापलेलं होतं. खऱ्या चिन्हाच्या वर आयएसने सुरू होणारा मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूसाठी, चालू आहे की रद्द, सगळं दिसतं. आमच्या मशीनवर चिन्हाच्या वरही काही नव्हतं आणि खालीही काही नव्हतं.

भांडं फोडलं ते अंड्याने. ६४ अंशांवर तासभर ठेवलेलं अंडं वाटीत फोडलं तर पांढरा भाग जेमतेम धरलेला, दुधाळ असतो आणि बलक दाटसर, चमच्याने उचलावा असा. माझ्या वाटीत जे पडलं ते सरळ ऑम्लेटला घ्यावं असं होतं. पांढरा भाग पाण्यासारखा वाहत गेला, नुसती कडेला धुरकट झाक. स्क्रीनवर ६४.०. दुसरं फोडलं, तेही तसंच.

मग स्वयंपाकाचा टोकदार थर्मामीटर काढला (तापाचा चालत नाही, तो ४२ च्या पुढे जात नाही). आधी तोच तपासला: बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून ढवळलं, शून्य दाखवलं. उकळत्या पाण्यात ९८ दाखवलं आणि नवरा म्हणाला, बघ, हाच चुकतोय. नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ लाच उकळतं. मुंबईत १०० दाखवेल, महाबळेश्वरला आणखी खाली. थर्मामीटर ठीक होता. पातेल्यात मशीनच्या अगदी जवळ तो ६२ म्हणत होता, मध्ये ५९, समोरच्या कडेला ५८. कारणही तिथेच समजलं. आतला पंप इतका लेचापेचा की गरम पाणी मशीनभोवतीच घुटमळत होतं, आणि तापमान मोजणारा सेन्सर हीटरला चिकटून. स्वतःपुरतं गरम झालं की मशीन समाधानी.

वॅटचा छडा सासऱ्यांनी लावला. ते महावितरणमधून निवृत्त झालेत, असल्या कामाला एका पायावर तयार. दहा लिटर पाणी २७ वरून ६० अंशांवर न्यायला १२०० वॅटला सुमारे १९ मिनिटं लागतात, हवेत जाणारी उष्णता धरून बावीस-तेवीस म्हणा. आम्हाला अर्ध्या तासाच्या बराच पुढे लागत होता. त्यांनी घरातले फ्रिजपासून सगळे स्विच बंद करायला लावले आणि खाली पार्किंगमधल्या मीटरपाशी उभे राहिले. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार हे छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे. १२०० वॅटचा हीटर चालू असताना तो मिनिटाला ६४ वेळा लुकलुकायला हवा. "तू घड्याळ धर, मी मोजतो," म्हणाले. ३८ झाले. म्हणजे सातशे वॅटच्या जरासं वर. ही तपासणी गीझर, हीटर, इस्त्री कशावरही करता येते, फुकटात.

कोणी म्हणेल, पाच-सहा अंशांनी काय बिघडतं? अंड्याचं काही नाही, पुन्हा उकळायचं. पण ६० लावून दीड तास ठेवलेलं चिकन प्रत्यक्षात ५५ ला राहिलं तर तेवढ्या वेळात ते सुरक्षित होत नाही, आणि बाहेरून दिसायला मात्र शिजलेलं, पांढरं दिसतं. मटणाचं तर आणखी वाईट. मऊ होण्यासाठी ते ५६-५७ वर चोवीस तास ठेवणारे हौशी लोक आहेत. तिथे पाणी खरं ५१ ला असेल तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्ससारखा जंतू, जो ५२ अंशांच्या आसपासपर्यंत वाढू शकतो, त्याच्यासाठी आपण चोवीस तास उबदार सोय करून ठेवली. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर हा खेळ नको.

विक्रेत्याशी बोलणं हा वेगळा अध्याय. आधी, 'मॅडम, तुमचा थर्मामीटर लोकल आहे.' मग व्हिडिओ पाठवा. व्हिडिओ पाठवला तर पाण्याची पातळी दिसत नाही, पुन्हा पाठवा. मग, दोन बटणं एकत्र दाबून आकडा खाली आणा, कॅलिब्रेशन होईल. चांगल्या मशीनमध्ये अशी सोय असते हे खरं, पण तिथे फरक सगळीकडे सारखा असावा लागतो. इथे ६० ला पाचाचा फरक आणि ८५ ला नवाचा. कुठला आकडा किती सरकवणार? प्रत्येक उत्तराच्या शेवटी हात जोडलेली इमोजी, आणि प्रत्येक उत्तर दोन दिवसांनी. हे सगळं रिटर्नची मुदत उलटेपर्यंत चाललं आणि मुदत उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी उत्तरं थांबली. वॉरंटी कार्डावरच्या पत्त्याची चौकशी केली तर तिथे मोबाईल रिचार्जचं दुकान. म्हणून सांगते, विक्रेत्याशी चॅटवर गप्पा मारण्याआधी साइटवर रिटर्न टाकून मोकळे व्हा. गप्पा नंतरही मारता येतात.

मुदत संपली म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितली तशी नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. मी त्या अधिकाऱ्याला मेल केला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. सोबत पानाचे स्क्रीनशॉट, स्क्रीन आणि थर्मामीटर एका चौकटीत दिसणारा फोटो, मीटरचा व्हिडिओ. 'मशीन खराब आहे' असं मोघम लिहिलं नाही. '१२०० वॅट सांगून सातशेचं दिलं, ०.१ अंश सांगून पाच अंशांचा फरक' असं लिहिलं. पैसे परत आले. आले नसते तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलं होतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. ते पान काही दिवस गायब होतं. आता तेच फोटो दुसऱ्या दुकानाच्या नावाने लागलेत आणि वॅट वाढून १५०० झालेत.

फुकट आलेल्या पिशव्यांनी निराळाच दणका दिला. बीट ८५ अंशांवर ठेवलं होतं (भाज्यांना एवढं लागतंच, त्याखाली त्या नुसत्या कोमट होऊन बसतात). अर्ध्या तासात शिवण उसवली, पातेलं गुलाबी आणि स्वयंपाकघरात नव्या रेनकोटचा वास. पिशवीवर काही छापलेलंच नव्हतं. प्लास्टिकचा प्रकार सांगणारा त्रिकोणातला ४ किंवा ५ आकडा आणि अन्नासाठी असल्याचा उल्लेख बघा, ३ म्हणजे पीव्हीसी, ते नको. हवा काढायचं मशीन नसेल तर चांगली झिप पिशवी थोडी उघडी ठेवून हळूहळू पाण्यात बुडवायची, पाण्याच्या दाबाने हवा निघून जाते. हातपंप लागत नाही.

माझ्या मावसभावाची तऱ्हा वेगळी. त्याने नाशिकमध्ये कोणाकडून तरी अमेरिकेहून आणलेलं अस्सल मशीन वापरलेलं म्हणून घेतलं. विकणाऱ्याने 'कन्व्हर्टर सोबत आहे' म्हणून सांगितलं होतं. ते कन्व्हर्टर म्हणजे पिन बदलणारं दीडशे रुपयांचं अडॅप्टर. १२० व्होल्टसाठी बनवलेला हजार वॅटचा हीटर २३० व्होल्टला लावला की साडेतीन किलोवॉटच्या वर ओढायला बघतो. एक फटका, एक वास, आणि घराचा एमसीबी खाली. व्होल्ट उतरवणारा खरा ट्रान्सफॉर्मर या कामासाठी चांगला काही किलोंचा, विटेसारखा जड असतो. हातात हलका लागला की ओळखावं. मशीनवरची पट्टीही नखाने खरवडून बघा, '२२०-२४०' चं स्टिकर वर डकवलेलं असतं कधी कधी.

आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, कोणत्या देशातला माल आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव येतं, ते पानावरच्या दुकानाशी जुळतं का बघा. प्लगला अर्थिंगची जाड पिन हवीच. पाण्यात बुडणाऱ्या वस्तूला दोन पिनांचा प्लग असेल तर किंमत विचारूच नका. आणि वीज मध्येच जाऊन आली तर मशीन तसं दाखवतं का, हे विचारा. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, आपण ऑफिसात असतो आणि पिशवी तीन तास कोमट पाण्यात पडून.

दुसरं मशीन मी लक्ष्मी रोडजवळच्या दुकानातून घेतलं, छापील किमतीत, एक रुपया न सोडवता. पैसे देण्याआधी चालवून दाखवा म्हटल्यावर दुकानदाराने नाक मुरडलं, पण बादली आणली. मी पर्समधून थर्मामीटर काढला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. ६० लावलं, मशीनजवळ ६०, समोरच्या कडेला ५९.८. मग बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घेतला आणि सही-शिक्का मारून घेतला.