मालवणातला पेटी-गायनाचा क्लास: स्टेजची धडकी घेऊन गेले होते, त्याचा रिव्ह्यू

५ पैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

मी बँकेत काउंटरला बसते, दिवसभर लोकांशी बोलते, पेन्शनवाल्या आजोबांशी वादसुद्धा घालते, पण चार बायकांसमोर अभंग म्हण म्हटलं की तोंड असं कोरडं पडायचं की जीभ टाळूला चिकटायची. मागच्या वर्षी हळदीकुंकवाला बसवलं गायला, पहिल्याच ओळीला शब्द गेले ते गेलेच, मग खोकला आल्याचं नाटक करून पाणी प्यायला आत गेले ती बाहेर आलेच नाही, मागच्या दाराने घरी. त्यानंतर हा क्लास लावला.

क्लास म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या बुवांच्या चिऱ्याच्या घराची पडवी, एक जुनी पेटी, चटया आणि समोर माड. आठवड्यातून दोन दिवस, फी ६०० रुपये महिना. बोर्ड नाही, सर्टिफिकेट नाही, परीक्षेला बसायचं असेल तर दुसरीकडे जा असं स्वतःच सांगतात.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, बुवा, मला स्टेजची भीती वाटते, ती घालवायची आहे. ते पान जुळवत होते, वर न बघता म्हणाले, "ती खंय जावची नाय गो बाय. तिका बाजूक बसव आणि गा." मला वाटलं झालं, पैसे फुकट गेले.

पण माणूस हुशार. पहिले दोन महिने माझं तोंड भिंतीकडे. खरंच, भिंतीकडे बघून गायचं. मग समोर फक्त बुवांच्या मिसेस, त्याही तांदूळ निवडत, आपल्याकडे लक्षच नसल्यासारख्या. मग शेजारची दोघं. मग एक दिवस न सांगता क्लासची अख्खी संध्याकाळची बॅच समोर बसवली, त्यात सातवीतला एक मुलगा टक लावून बघत होता, तो सगळ्यात वाईट. प्रत्येक वेळी छाती धडधडायचीच, पण दुसऱ्या ओळीपर्यंत जरा खाली यायची हे तेव्हा कळलं, आधी मी तिथपर्यंत थांबलेच नव्हते कधी.

श्वासाचं पेटीवर शिकवतात. आपण घाबरलो की श्वास वरच्यावर चालतो आणि लांब ओळ मध्येच तुटते. बुवा भाता उघडून दाखवायचे, भरून घ्यायचा आणि सावकाश सोडायचा, सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागला पाहिजे. सावकाश श्वास सोडला की ठोके खाली येतात हे डॉक्टरही सांगतात, पण बघून जे डोक्यात बसलं ते वेगळं. दुसरं, घाईचं. घाबरलेला माणूस लय पळवतो आणि त्याला ते कळतही नाही. बुवांचा नियम असा की भजनी ठेक्याच्या ८ मात्रांचं एक अख्खं आवर्तन नुसतं ऐकायचं, मगच तोंड उघडायचं. मी आधीच घुसले की पेटी थांबवून, "घाय कित्याक? खंयची एष्टी चुकतली तुझी?" हा डायलॉग मी किमान पन्नासदा ऐकलाय. तिसरं, हातात झांज द्यायचे, थरथर त्यात खपून जाते.

भीती हा शब्दच त्यांना चालत नाही, "हुरूप इलो म्हण" म्हणतात. मला हे उगाच समजूत काढणं वाटायचं. मग पुण्यातल्या भाचीने सांगितलं की हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्सबाईंनी २०१४ साली यावर पेपर छापलाय, लोकांना कराओके गायला लावलं, आधी काहींना 'मी घाबरलोय' म्हणायला सांगितलं आणि काहींना 'मी एक्साइटेड आहे', तर एक्साइटेडवाल्यांना ८० टक्क्यांच्या आसपास मार्क पडले आणि घाबरलेल्यांना ५३ च्या. बुवांना हे सांगितलं तर म्हणे, "मगे? आमी काय सांगतलो?"

खरी प्रॅक्टिस चतुर्थीला. क्लासची मंडळी वाडीत घरोघरी भजनाला जातात, मला रूपाचा, म्हणजे देवाच्या रूपाचं वर्णन असलेला, अभंग दिला होता, अकरा घरं झाली. पहिल्या घरी कोरसने सांभाळून घेतलं, पाचव्या घरापर्यंत माझं लक्ष काळ्या वाटाण्याच्या उसळीच्या वासाकडे होतं, यावरून समजा. लोक ऐकतात, चहा पितात, पोरं मध्येच लुडबुडतात, कोणी मार्क देत नाही.

आणि मग नवरात्रातला स्टेज, माइकसकट. आदल्या रात्री मी मूर्खासारखं स्टेजच्या भीतीबद्दल वाचत बसले आणि कळलं की अमेरिकन गायिका बार्बरा स्ट्रायसँड १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात शब्द विसरली आणि त्यानंतर जवळजवळ २७ वर्षं तिकिटाचे कार्यक्रमच टाळले तिने. झोप उडाली. कार्यक्रमाच्या आधी असलं काही वाचू नका, प्लीज.

इथे तो अर्धा स्टार गेला. क्लासमध्ये माइक नाही. पडवीत आपला आवाज आपल्याला जसा येतो तसा स्टेजवर येतच नाही, स्पीकर सगळे लोकांकडे तोंड करून, मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, नव्हताच, मला फक्त पखवाज ऐकू येत होता. त्यात साउंडवाल्याने एकदा अशी कुंई काढली की मी माइकपासून हातभर मागे सरकले आणि पहिली ओळ कोणालाच ऐकू गेली नाही. पाय लटपटत होते, हात गार. एक आवर्तन सोडलं, बुवांनी पेटीवरून नुसतं बघितलं, अजून एक सोडलं, आणि ओळ परत घेतली. गौळणीत एक शब्द चुकलाही, नवऱ्यालासुद्धा कळला नाही (त्याला तसंही काही कळत नाही). महिन्यातून एकदा तरी भाड्याचा माइक लावून बसवा असं मी बुवांना सांगितलंय, बघूया म्हणालेत.

बाकी बारीकसारीक. पावसात लाइट जाते, टॉर्च न्या. नोट्स मिळत नाहीत, स्वतःची वही करा. मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं भरलेली असतात, तेव्हा नवीन नाव घालू नका, तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. कार्यक्रमाच्या दिवशी तळलेलं बंद, मालवणात राहून समोरची तळलेली सुरमई सोडायची म्हणजे काय ते मालवणकरच जाणे. पेटी घरी नसली तरी चालतं, मोबाइलवर तानपुऱ्याचं अॅप लावून काळी चार पट्टीत रियाज करते मी.

पुढच्या महिन्यात जत्रेत दशावताराच्या आधी अर्धा तास आमचं भजन आहे. आतापासूनच पोटात गोळा येतोय, नाव मात्र मीच दिलंय.