ठासणीची बंदूक, आठ महिने झाले: बार कमी आणि धुणंच जास्त

आठ महिने झाले ही रायफल घेऊन. दोनशेच्या वर बार झालेत (वहीत लिहितो म्हणून आकडा माहितीये), त्यामुळे आता जरा हक्काने बोलायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या आणि त्यातल्या निम्म्या बंदुकीला उगाच पडल्या असत्या.

आधी वस्तू काय ते सांगतो. टोपीवर (घोडा आपटला की पेट घेणारी छोटी धातूची टोपी) चालणारी ठासणीची रायफल, म्हणजे बंदुकीची दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासून भरायची, कॅलिबर पॉइंट 50 म्हणजे 12.7 मिलिमीटर, घोडा (टोपीवर आपटणारी हातोडी) बाजूला, डबल सेट ट्रिगर (दोन चाप, एक ओढला की दुसरा अगदी हलका होतो), आणि नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) 48 इंचात एक फेरा घेणारे. हा 48 चा हिशोब म्हणजे मधला मार्ग आहे, कापडात गुंडाळलेली गोल गोळी पण चालावी आणि लांबुळकी गोळी पण निभावून न्यावी असा. फक्त गोल गोळीच मारायची असेल तर 66 इंचात एक फेरा असलेली नळी जास्त बरी असं मला आता वाटतं, पण घेताना एवढी अक्कल नव्हती. सेकंडहँड घेतली, दस्ता सुंदर, नळी बाहेरून चकचकीत. आतून काय होतं ते पुढे येईलच.

पहिल्याच दिवशी दहा वेळा चाप ओढला तर बार उडाले सहा. टोपी फटकन वाजते आणि पुढे काहीच नाही. इतकी वर्षं फुसका बार, फुसका बार म्हणत होतो, त्याचा खरा अर्थ त्या दिवशी कळला. आणि हे दिसायला विनोदी असलं तरी ती वेळ सगळ्यात धोक्याची, कारण आत ठिणगी धुमसत असली तर बार उशिराने उडू शकतो. त्यामुळे नळी निशाणाकडेच ठेवून निदान एक मिनिट तसंच उभं राहायचं, मग नवी टोपी. बंदूक खाली घेऊन 'काय झालं' म्हणून वाकून बघणं हा प्रकार अजिबात करायचा नाही.

मी काय काय केलं ऐका. आधी टोप्यांना दोष दिला, दुसरा डबा आणला, तेच. मग निपल (टोपी जिच्यावर बसते ती पोकळ खुंटी) बदलायचं ठरवलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, निपलचे स्क्रूचे आटे दोन जातीचे असतात, एक पाव इंची आणि एक 6 मिलिमीटरचा, आणि डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. पाव इंची भोकात 6 मिलिमीटरचं निपल ढिलं ढिलं बसतं, आणि आपल्याला वाटतं बसलं. बार उडाला की तेच निपल मागे तोंडावर येऊ शकतं. माझं नशीब चांगलं म्हणून हातालाच ढिलं लागलं आणि थांबलो, व्हर्नियरने मोजलं तेव्हा कळलं. तेव्हापासून अंदाजाने काही घेत नाही.

शेवटी घोडं पेंड खात होतं ते तेलात. (घोडा नव्हे हं, घोडा बिचारा नीट पडत होता.) मी काय करायचो, साफ करून झालं की प्रेमाने भरपूर तेल लावायचो आणि बंदूक भिंतीला नळी वर करून उभी ठेवायचो. आठवडाभरात ते सगळं तेल हळूहळू उतरून मागे कानाच्या, म्हणजे टोपीची आग दारूपर्यंत नेणाऱ्या, बारीक वाटेत जाऊन बसायचं. टोपीची आग तिथे पोचायची आणि विझायची. त्यात माझ्या नळीचा बूड पेटंट ब्रीच पद्धतीचा आहे, म्हणजे अगदी तळाशी भोक नळीपेक्षा अरुंद होतं, आणि गजाला लावलेला जॅग (साफसफाईचं कापड धरणारं टोक) तिथपर्यंत पोचतच नाही. आधीच्या मालकाला हे बहुतेक माहीतच नसावं. लहान कॅलिबरचा ब्रश घालून खरवडलं तर आतून काळी पेस्ट निघाली, टूथपेस्ट बाहेर यावी तशी, किती वर्षांची होती देव जाणे.

आता रेंजवर गेलो की आधी अल्कोहोलमध्ये भिजवलेला बोळा, मग कोरडा बोळा, मग निपल काढून पाइप क्लीनर, आणि मग रिकाम्या बंदुकीवर दोन टोप्या वाजवायच्या, नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरून. पातं हललं म्हणजे वाट मोकळी. नळी फुंकली सोनारे म्हणतात ना, इकडून तिकडे गेले वारे, अगदी तस्संच, फक्त इथे वारं तिकडे गेलंय याची खात्री करूनच पुढे जायचं. दारू ओतल्यावर कुलपाच्या (घोड्याची यंत्रणा असते त्या) बाजूला हाताने दोन चापट्या मारायच्या, म्हणजे चार दाणे कानाच्या वाटेत सरकतात. आणि घरी बंदूक नळी खाली करून ठेवायची, खाली एक फडकं. एवढं केल्यावर गेल्या चार महिन्यांत फुसके गेले फक्त तीन, आणि तिन्ही वेळा चूक माझी, बंदुकीची नाही.

त्यातली एक सांगतोच. गप्पा मारत भरत होतो, आणि दारू न घालताच गोळी ठासली. सगळ्यांचं कधी ना कधी होतं म्हणतात, माझं पाचव्या महिन्यात झालं. आता गोळी बाहेर कशी काढायची? निपल काढलं, त्या भोकातून चिमटी चिमटीने थोडी दारू आत सरकवली, निपल परत लावलं, गजाने गोळी खाली टेकलीये ना ते बघितलं आणि निशाणाकडे उडवून दिली. पुऽस्स करून गोळी अशी निघाली की डोळ्याला दिसली. दुसरा उपाय म्हणजे गजाला स्क्रू लावून गोळीत फिरवायचा आणि ओढायची, पण तो फक्त आत दारू नाही अशी पक्की खात्री असेल तरच. तेव्हापासून गजावर दोन खुणा केल्यात, एक नळी रिकामी असतानाची, एक भरलेली असतानाची. गज आत घातला की लगेच कळतं आत काय आहे ते. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

याच खुणेचा अजून एक फायदा, गोळी दारूवर नीट टेकली की नाही ते दिसतं. गोळी आणि दारूच्या मध्ये फट राहिली तर नळी फुगू शकते. दुसऱ्या-तिसऱ्या बारानंतर आत काजळी साचून गोळी अर्ध्यात अडते, आणि 'जाऊ दे, एवढ्यावरच उडवू' असं वाटायला लागतं तिथे सावध राहायचं. मी आता दर बारानंतर एक ओलसर बोळा फिरवतो. वेळ जातो, जाऊ दे.

दारूबद्दल थोडं. खरी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण 75, 15, 10 या प्रमाणात. घरी बनवायच्या भानगडीत पडू नका, तयार मिळते ती घ्या, आणि परवाना, साठवण वगैरे जिथला जो कायदा असेल तो आधी वाचा. दाण्याचा आकार एफने सांगतात, जितके एफ जास्त तितका दाणा बारीक. मी 3एफ वापरतो. 50 ग्रेनपासून (ग्रेन म्हणजे दारू मोजायचं छोटं एकक) सुरुवात केली आणि पाच पाच ग्रेनने वर जात 65 ला थांबलो, बनवणाऱ्याच्या पुस्तिकेतली मर्यादा त्याहून बरीच वर आहे पण मला गरज नाही वाटली. माप आकारमानाने घ्यायचं, वेगळ्या मापट्यात, आणि मग मापट्यातून नळीत. डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत कधीच नाही, आत एखादा निखारा राहिला असेल तर हातातला अख्खा डबा पेटेल. आणि आजकालच्या काडतुसात असते ती बिनधुराची पावडर यात चिमूटभरसुद्धा नाही. तिचा दाब ही नळी झेलू शकत नाही.

नेमबाजीचं म्हणाल तर पहिले दोन महिने 50 मीटरवर वीत वीतभर पसारा. मला वाटलं माशी (नळीवरचं नेम धरायचं टोक) वाकडी आहे, मग वाटलं माझा हातच वाकडा आहे. एका म्हाताऱ्या नेमबाजाने मला गोळ्या बघू नको, कापडं गोळा कर म्हणून सांगितलं. म्हणजे गोळीभोवती गुंडाळलेला कापडाचा तुकडा बार उडाल्यावर पुढे दहा-पंधरा पावलांवर पडतो, तो उचलून बघायचा. माझे सगळे तुकडे फाटलेले, कडा जळक्या. चांगला तुकडा कसा असतो तर मधे काळा गोल, कडेला झालर सुटलेली, पण भोक नाही, जवळजवळ परत वापरता येईल असा. माझी गोळी 0.490 इंच आणि कापड 0.010 जाडीचं होतं, ते बदलून घट्ट विणीचं सुती 0.018 घेतलं, आणि नळीचे आटे नको तितके धारदार होते ते अगदी बारीक स्टील वूलने गजावर पन्नासेक फेऱ्या मारून मवाळ केले. पुढच्या खेपेला पाच गोळ्या तळहाताखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. बंदूक तीच, माशी तीच आणि हातही तोच वाकडा. ते आजोबा भेटले नसते तर मी अजून माशी ठोकत बसलो असतो.

कापडाला वंगण म्हणून मेण आणि चरबीचं मिश्रण वापरतो. कधीकधी चक्क थुंकी, लगेच उडवायचं असेल तर तीही चालते. मशिनचं खनिज तेल मात्र वापरू नका, काजळीत मिसळून डांबरासारखं चिकटून बसतं.

आता धुणं. या बंदुकीची खरी परीक्षा इथे, आणि खरं सांगायचं तर माझीही. काळी दारू जळली की वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग धूर आणि काजळीच्या रूपात घन म्हणून उरतो, आणि त्यातले क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. एक रात्र तशीच ठेवली तर सकाळी नळीत लाली. मी एकदाच आळस केला, 'उद्या बघू' म्हणून. ती लाली काढायला दोन संध्याकाळी गेल्या आणि मागच्या बाजूला दोन बारीक खड्डे कायमचे राहिलेत, दर वेळी टॉर्च टाकला की ते दिसतात आणि मन खट्टू होतं.

माझी पद्धत अशी. नळी दस्त्याला धरून ठेवणारी पाचर ठोकून काढायची, नळी मागच्या आकड्यातून सुटते, निपल काढायचं, नळीचं बूड बादलीत आणि वरून गजावर बोळा घालून पंपासारखं खालीवर. पाणी गरम, साबणाचे दोन थेंब, बास. महागडी सॉल्व्हंट घेऊन बघितली, साध्या पाण्यापेक्षा वेगळं काही दिसलं नाही. पहिलं पाणी शाईसारखं निघतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो काजळीतल्या गंधकाच्या क्षारांचा. घरच्यांनी त्यावरून मला बाहेर काढलंय, म्हणजे धुवायला. पाणी स्वच्छ येईपर्यंत करायचं, मग कोरडे बोळे, मग पातळसं तेल, आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने एक पांढरा बोळा फिरवून बघायचा. त्यावर तांबूस दिसलं तर परत. दुपारभर वीस-पंचवीस बार आणि मग तासभर धुणं असा हिशोब पडतो. हा हिशोब जमणार नसेल तर घेऊच नका, खरंच.

गजाबद्दल एक तक्रार आहे. सोबत आलेला लाकडी गज दिसायला देखणा, पण लाकडाचे रेषे तिरके गेलेले होते, आणि तिसऱ्या महिन्यात ठासताना तिरपा चिरला. हातात घुसला नाही कारण मी वीतभर अंतरावर धरून थोडं थोडं दाबत होतो, वरून एकदम जोर लावला असता तर तळव्यातून आरपार गेला असता. आता रेंजवर पितळी गज, तोंडाशी गाइड लावून म्हणजे नळीची कड झिजत नाही. लाकडी गज शोभेला खाली खोचलेला असतो.

कुलपाची खटपट हा माझा आवडता भाग. कुलूप दोन स्क्रूने सुटतं, आतली मेनस्प्रिंग काढायला छोटा व्हाइस लागतो, पक्कडने काढायला जाल तर स्प्रिंग तरी तुटेल नाहीतर बोट. मी आतले भाग फक्त पॉलिश केले, खाचांना हात लावला नाही. अर्ध्या घोड्याची खाच (घोडा अर्धा चढवून सुरक्षित अडकवायची) झिजली असेल तर बंदूक भरलेली असताना घोडा सुटू शकतो, त्यामुळे दर महिन्याला रिकाम्या बंदुकीवर अर्धा घोडा चढवून चाप दाबून बघतो. धरतोय अजून. निपलच्या आट्यांना थोडं अँटी-सीझ ग्रीस लावा, नाहीतर गरम होऊन होऊन तिथेच जाम होतं.

गोळ्याही आता स्वतःच ओततो. शुद्ध मऊ शिसं पाहिजे, ते 327 अंशाला वितळतं, पण साचा गार असेल तर गोळीला सुरकुत्या पडतात, म्हणून पहिल्या आठ-दहा सरळ परत भांड्यात. एक गोळी साधारण साडेअकरा ग्रॅमची, म्हणजे किलोत पंचाऐंशीच्या आसपास. उघड्यावर करा, जवळ पाण्याचा थेंब नको, वितळलेल्या शिशात पाणी पडलं की ते उसळतं. आणि नंतर हात धुवा, नीट.

मित्र विचारतात चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, का नाही घेतली. टोपीमागची कल्पना मुळात चकमकीला वैतागूनच निघालीये, फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने 1807 मध्ये ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याच्या कुलपाचं पेटंट घेतलं आणि टोपी त्यातूनच पुढे आली, कारण चकमकीच्या बंदुकीत कानाजवळच्या रंजकीचा (आतली दारू पेटवायला बाहेर ठेवलेली चिमूटभर दारू) भडका दिसला की पक्षी गोळी पोचायच्या आत उडून जायचे. त्या माणसाने एवढा त्रास वाचवून ठेवलाय आणि मी परत मागे जायच्या विचारात आहे. चकमकीचं एक जुनं कुलूप आणून ठेवलंय, फ्रिझनवर (गारगोटी जिच्यावर आपटते ती पोलादी पट्टी) ठिणग्या पिवळ्या आणि मरतुकड्या पडतायत, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेलाय. ते परत कडक करून घ्यायचंय. गारगोट्या आणि त्यांना गुंडाळायचं चामडं आणून ठेवलंय, नळी मात्र अजून ठरत नाहीये, या वेळी बहुतेक 66 चीच.