वर्डप्रेस, ड्रुपल की जूमला? आधी स्वतःचा मजकूर टाकून बघा

मुक्त स्रोत सीएमएस (वेबसाइटवरचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर; वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला ही त्यातलीच) ‘ट्राय करून बघतो’ म्हणणारे बहुतेकजण इन्स्टॉल करतात, दोन-तीन थीम बदलून बघतात आणि निर्णय घेऊन मोकळे होतात. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. अशा चाचणीत वर्डप्रेस जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, कारण पहिल्या तासाभराचा अनुभव त्यांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून गुळगुळीत केला आहे.

म्हणून इन्स्टॉलेशनला फार भाव देऊ नका. वर्डप्रेस आता ‘प्लेग्राउंड’मुळे सर्व्हरशिवाय थेट ब्राउझरमध्ये उघडतं. ड्रुपलमध्ये ‘क्विक-स्टार्ट’ नावाची कमांड आहे. मशीनवर पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा असेल तर एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसवर चाचणीपुरती साइट उभी राहते. जूमलाला मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसचा डेटाबेस हातात द्यावा लागतो. तिन्ही पीएचपीत लिहिलेल्या, तिन्ही जीपीएल या मुक्त परवान्याखालच्या. ड्रुपल २००१चं, वर्डप्रेस २००३चं, आणि जूमला २००५ साली ‘माम्बो’ या जुन्या सीएमएसमधून फुटून निघालेलं. म्हणजे वयाने तिन्ही प्रौढ आहेत, उद्या बंद पडेल अशी धास्ती नको.

त्याऐवजी आपल्या खऱ्या कामातल्या दहा नोंदी घ्या: चार लेख, तीन कार्यक्रम, दोन माणसांची माहिती, एक पीडीएफ. त्या दहाच्या दहा तिन्हीकडे भरा. डेमोतला मजकूर तुमच्यासारखा नसतो, त्यामुळे त्यात अडचणी दिसतच नाहीत.

कार्यक्रमाचं उदाहरण घ्या. तारीख, ठिकाण, वक्ता. वर्डप्रेस कोरा इन्स्टॉल केला तर लिहायला ‘पोस्ट’ आणि ‘पेज’ एवढंच मिळतं. तारीख मजकुरातच टाइप करावी लागते. मग ‘येणारे कार्यक्रम वर, झालेले खाली’ म्हटलं की हात टेकावे लागतात, कारण त्या ओळीत तारीख आहे हे सिस्टमला कळतच नाही. प्लगइन (वरून जोडायचं जास्तीचं सॉफ्टवेअर) टाकलं की काम होतं, पण मग तुम्ही त्या प्लगइनचे. ड्रुपलमध्ये ‘कार्यक्रम’ हा वेगळा कंटेंट टाइप, म्हणजे मजकुराचा प्रकार, बनवता येतो, त्यात तारखेचं फील्ड (वेगळा रकाना) असतं आणि वक्त्याचं फील्ड थेट त्या माणसाच्या पानाशी जोडता येतं. यादी ‘व्ह्यूज’ या याद्या बनवायच्या साधनातून काढायची, तेही मूळ पॅकेजमध्येच आहे. मला पहिल्या वेळी यात अख्खी दुपार गेली, पण नंतर त्या यादीला हात लावावा लागला नाही. जूमलाने २०१७ साली ३.७ आवृत्तीत कस्टम फील्ड आणली, तारखेचंही आहे. पण त्या तारखेवर यादी लावायला एक्स्टेन्शन (जूमलातलं प्लगइन) शोधावंच लागतं.

आता मराठीत साइट करणाऱ्यांना हमखास टोचणारी गोष्ट. ‘ग्रंथालयातील दुर्मिळ हस्तलिखितांचं डिजिटायझेशन’ असं शीर्षक वर्डप्रेसमध्ये टाका आणि सेव्ह झाल्यावर पर्मालिंक (पानाचा कायमचा पत्ता) बघा. ती ‘ग्रंथालयातील-दुर्मिळ-हस्’ इथेच तुटते! लिंकसाठी डेटाबेसमध्ये २०० अक्षरांची जागा असते, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह वेबपत्त्यासाठी टक्क्यांच्या खुणांत (%E0%A4… असं) लिहिलं की नऊ अक्षरं खातं. काना, मात्रा, हलन्त, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. बावीस चिन्हांत कारभार आटोपतो. साइट बिघडत नाही, पण लिंक कुणाला पाठवली की ओशाळवाणं होतं. उपाय साधा आहे: दर वेळी लिंक हाताने लिहायची. जूमलाची तऱ्हा और. ‘युनिकोड अलियास’ची (लिंकमध्ये देवनागरी ठेवायची) सेटिंग चालू केली नाही, तर देवनागरी शीर्षकातलं काहीच उरत नाही आणि लिंकमध्ये तारीख-वेळेचे आकडे येतात. ड्रुपल नुसता नोंदीचा क्रमांक देतो. ‘पाथऑटो’ हे मॉड्यूल (ड्रुपलमधलं प्लगइन) जोडलं तर शीर्षकाचं रोमन रूप तयार करतो.

दहा नोंदी भरून झाल्या की तांत्रिक गोष्टींत रस नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला बसवा, एक लेख दुरुस्त करायला सांगा आणि मागे उभं राहून गप्प बघा. वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर (पान तुकड्या-तुकड्यांनी रचायची सोय, २०१८च्या अखेरीस ५.० आवृत्तीत आला) लोकांना पटकन जमतो, पण त्याच सोपेपणात पानाची मांडणी विस्कटायचीही पूर्ण मुभा मिळते. ड्रुपलचा फॉर्म रुक्ष दिसतो. मात्र ठरलेल्या चौकटीतच लिहायचं असल्याने घोळ कमी होतो. परवानग्यांतही ड्रुपल सरस वाटतो: कुणी कोणत्या प्रकारचा मजकूर लिहायचा, कुणी तपासायचा, कुणी प्रकाशित करायचा, हे मुळातच ठरवता येतं. वर्डप्रेसमध्ये ‘कॉन्ट्रिब्यूटर’ दर्जाच्या सदस्याला लेख लिहिता येतो पण फोटो चढवता येत नाही. हे कळेपर्यंत दोन-चार फोन येतातच. जूमलात परवानग्या बारीक आहेत, फक्त वरच्या गटात एकदा ‘डिनाइड’ केलं की खाली कितीही ‘अलाउड’ करा, उपयोग नाही.

एकापेक्षा जास्त भाषा लागणार असतील तर ड्रुपल आणि जूमलात ती सोय आतच आहे. वर्डप्रेसला प्लगइन लागतं.

अपडेटच्या बाबतीत वर्डप्रेस सुखाचं: लहान अपडेट २०१३पासून आपोआप होतात. ड्रुपलला कंपोझर (पीएचपीचे भाग कमांडने उतरवून अपडेट करणारं साधन) येणारा माणूस जवळ हवा. ड्रुपल ७चा आधार ५ जानेवारी २०२५ला संपला आणि तिथून पुढे जायचं म्हणजे साइट जवळपास नव्याने बांधायची. ८नंतरच्या उड्या मात्र बऱ्याच सोप्या झाल्या आहेत. जूमलाची मोठी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, तेव्हा जुनी टेम्प्लेटं तपासून घ्या.

एक चाचणी कुणीच करत नाही: सगळी प्लगइनं बंद करून पान उघडून बघायचं. पानं रचायचं एक प्लगइन मी हौसेने दोन वर्षं वापरलं. बंद केलं तेव्हा चाळीसेक पानांवर त्या प्लगइनच्या चौकोनी कंसांतल्या कोडचा सडा पडला होता आणि खरा मजकूर त्यातून वेचून काढावा लागला.

माझं मत विचाराल तर: लेखच लिहायचे असतील तर वर्डप्रेस, आणि प्लगइनं पाच-सातच्या वर जाऊ देऊ नका. नोंदी एकमेकींत गुंतलेल्या असतील, लिहिणारे अनेक असतील आणि हाताशी डेव्हलपर असेल तर ड्रुपल. डेव्हलपर नाही, पण दोन-तीन भाषा आणि नेमक्या परवानग्या हव्यात, तर जूमला. आणि एकच माणूस वर्षातून दोनदा पाच पानं बदलणार असेल, तर तिन्ही राहू द्या. ह्यूगोसारख्या साधनाने साधी एचटीएमएल पानं तयार करून चढवा, तिथे ना डेटाबेस ना लॉगिन.