सही करायची की स्वतःचं लेबल काढायचं? डिझी, स्केप्टा आणि स्टॉर्मझी यांच्या तीन वाटा

हातात आठ-दहा पक्की गाणी आहेत, ऐकणारे जमायला लागलेत आणि एका लेबलकडून, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून, करारनामा येऊन पडलाय. सही करायची, की सगळं स्वतःच्या नावावर ठेवायचं? ग्राइममध्ये, म्हणजे लंडनमध्ये जन्मलेल्या वेगवान रॅप संगीतात, हा प्रश्न पहिल्यापासून आहे आणि लंडनच्या तीन एमसींनी, म्हणजे रॅपरांनी, त्याची तीन उत्तरं दिली. डिझी रास्कलने आधी सही केली, स्वतःच्या लेबलवर नंतर आला. स्केप्टाने स्वतःचं लेबल आधी काढलं, मध्येच पॉपच्या बाजारात जाऊन हात पोळून घेतले आणि परत फिरला. स्टॉर्मझीने पहिला अल्बम स्वतःच्या लेबलवर काढून पहिल्या क्रमांकावर नेला, मोठ्या कंपनीशी भागीदारी केली ती त्यानंतर.

बहुतेकांसाठी तिसऱ्याचा क्रम सगळ्यात कमी धोक्याचा आहे. पण तो कुणालाही सरसकट जमेल असं नाही. का, ते समजायला ग्राइमची घडण आधी पाहावी लागते.

ग्राइमचा वेग मिनिटाला साधारण 140 ठोके. एका बारमध्ये चार ठोके, म्हणजे आठ बार पावणेचौदा सेकंदांत संपतात आणि सोळा बार साडेसत्तावीस सेकंदांत. रिन्स एफएम, डेजा व्हू यांसारख्या पायरेट, म्हणजे विनापरवाना, रेडिओंवर एकाच माइकवर पाच-सहा जण ताटकळत असायचे. आठ बारांत पकड बसली नाही की माइक पुढच्याच्या हातात. पकड बसली तर डीजे रेकॉर्ड मागे फिरवून गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायचा, त्याला रीलोड म्हणतात. या तालमीत वाढलेला एमसी पहिल्याच ओळीत सगळा जीव ओततो. पॉप सिंगल मागणाऱ्या लेबलला मात्र हवा असतो गुणगुणता येणारा मुखडा, क्लबचा सरळ ठेका आणि पाहुणी गायिका. लेबल आणि एमसी यांच्यात पहिला खटका पैशावरून उडत नाही, तो इथे उडतो.

डिझी रास्कल: लवकर सही, पण योग्य घरी

पूर्व लंडनच्या बो भागातला हा मुलगा शाळेच्या संगीतवर्गातल्या कंप्युटरवर बीट बनवायचा. त्याचं पहिलं गाणं 2002 मध्ये व्हाइट लेबलवर, म्हणजे कोरं लेबल चिकटवलेल्या बारा इंची तबकडीवर फिरलं. मग एक्सएल रेकॉर्डिंग्जने त्याला घेतलं. 'बॉय इन द कॉर्नर' जुलै 2003 मध्ये आला, चार्टवर 23 व्या क्रमांकापर्यंत गेला आणि त्याच सप्टेंबरमध्ये त्याला मर्क्युरी प्राइझ, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार, मिळालं, वयाची एकोणीस वर्षं पुरी व्हायच्या काही दिवस आधी.

एक्सएल हे स्वतंत्र लेबल होतं. त्या अल्बमचा आवाज बघा: तुटक ड्रम, मध्येच पसरलेली शांतता, चिरकणारा गळा. तो कुणी घासूनपुसून गुळगुळीत केला नाही. शिवाय 'फिक्स अप, लुक शार्प' हे गाणं बिली स्क्वायरच्या 'द बिग बीट' या रॉक गाण्याच्या ड्रमवर उभं आहे. असा नमुना, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा, वापरायचा तर मूळ रेकॉर्डिंगचे आणि मूळ रचनेचे असे दोन वेगळे परवाने लागतात. एकट्या मुलाला ते निस्तरणं कठीण असतं, लेबलला सोपं. लवकर सही करण्याचा खरा फायदा हा.

एक्सएलवर तीन अल्बम झाल्यावर डिझी स्वतःच्या डर्टी स्टँक लेबलवर आला. 2008 ते 2010 या काळात 'डान्स विथ मी', 'बाँकर्स', 'हॉलिडे' आणि 'डर्टी डिस्को' ही चार गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. नाव आधीच झालेलं होतं, त्यामुळे स्वतःच्या लेबलवर पॉपचा जुगार खेळणं त्याला परवडलं. ती गाणी ग्राइम नव्हती, क्लबची होती, आणि जुना श्रोता त्यामुळे दूर गेला. 2016 मध्ये न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये लोकांसमोर त्याने कोणता अल्बम सलग सादर केला? 2003 चाच. आणि तो अल्बम आहे एक्सएलच्या यादीत. लवकर सहीची किंमत अशी उशिरा कळते: टिकून राहतं ते बहुधा सगळ्यात आधी केलेलं काम, आणि तेच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं असतं.

स्केप्टा: सगळं घरचं, मध्ये एक चुकीचं वळण

टॉटनहॅमचा स्केप्टा आधी डीजे आणि निर्माता होता, मेरिडियन क्रूमधला. 2005 मध्ये त्याने धाकट्या भावाबरोबर, जेएमईबरोबर, बॉय बेटर नो हे लेबल सुरू केलं. 'ग्रेटेस्ट हिट्स' 2007 मध्ये आणि 'मायक्रोफोन चॅम्पियन' 2009 मध्ये असे दोन अल्बम घरूनच निघाले. या घरात एक गोष्ट होती जी वाचणाऱ्याने नीट लक्षात घ्यावी: जेएमई. टी-शर्ट छापून विकणं, मिक्सटेप दुकानांत पोचवणं, हिशेब ठेवणं ही कामं करायला तयार आणि भरवशाचा माणूस. 'स्वतःचं लेबल' असं म्हणतो तेव्हा निम्मं काम हे असतं.

मग 2011 चा 'डूइन इट अगेन'. पॉप-डान्सच्या लेबलसोबत, गायलेल्या मुखड्यांसह. चार्टवर 19 व्या क्रमांकापर्यंत गेला, म्हणजे आकड्याने आधीच्या दोन्हींपेक्षा वर. तरीही तोटाच झाला, कारण रेडिओच्या श्रोत्याला गाणं आठवत होतं, माणूस नाही, आणि ज्यांना माणूस माहीत होता त्यांना गाणं परकं वाटलं. पुढच्याच वर्षी त्याने यूट्यूबवर कॅमेऱ्यासमोर बसून आपलं मन मोकळं केलं आणि 'ब्लॅकलिस्टेड' मिक्सटेप काढली.

2014 मध्ये 'दॅट्स नॉट मी' आलं. जुन्या पायरेट सेटसारखा घट्ट बीट, जेएमईचा एक भाग आणि 80 पौंडांत केलेला व्हिडिओ: दोन भाऊ, माइक आणि मागे जुन्या व्हिडिओ कॅसेटसारखी धुरकट चित्रं. त्या व्हिडिओला मोबोचा, म्हणजे ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय संगीतासाठीचा, पुरस्कार मिळाला आणि गाणं 21 व्या क्रमांकापर्यंत पोचलं. इथे कमी खर्चाचं कौतुक दुय्यम आहे. जे गाणं दिखाऊ ब्रँड झुगारून देतं, त्याला महागडा व्हिडिओ शोभलाच नसता. बजेट आणि आशय एका दिशेने होते. मे 2016 मध्ये 'कोन्निचिवा' बॉय बेटर नोवरच निघाला, दुसऱ्या क्रमांकावर गेला आणि डेव्हिड बोवीचा अखेरचा अल्बम स्पर्धेत असताना मर्क्युरी प्राइझ घेऊन आला.

पहिल्या अल्बमपासून इथवर नऊ वर्षं लागली. ही वाट निवडणाऱ्याने हा आकडा समोर ठेवावा. मधल्या काळात ग्राइमच्या कार्यक्रमांवर फॉर्म 696 चं सावट होतं. लंडन पोलिसांचा हा जोखीम-अर्ज 2005 च्या सुमारास आला आणि नोव्हेंबर 2017 मध्ये रद्द झाला. तो क्लबने कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी भरायचा असे आणि एकेकाळी त्यात येणारे श्रोते कोणत्या वंशाचे आहेत असंही विचारलेलं असे. कार्यक्रम ऐन वेळी रद्द व्हायचे. ज्याचं पोट फक्त स्टेजवर चालतं, त्याला असा एक रद्द झालेला महिना बुडवू शकतो. टी-शर्टचे पैसे तेव्हा उपयोगी पडतात.

स्टॉर्मझी: आधी श्रोते, मग कागद

दक्षिण लंडनचा स्टॉर्मझी या दोघांपेक्षा नऊ ते अकरा वर्षांनी लहान. त्याच्यासाठी पायरेट रेडिओची जागा यूट्यूबने घेतली होती. 2015 मध्ये त्याने एका बागेत, लाल ट्रॅकसूट घालून, मागे मित्रांचा घोळका उभा करून 'शट अप' म्हटलं. बीट नवा नव्हता, एक्सटीसी या निर्मात्याची सुमारे दहा वर्षं जुनी इन्स्ट्रुमेंटल होती. डिसेंबरमध्ये अँथनी जोशुआच्या बॉक्सिंग लढतीआधी जोशुआ रिंगणाकडे जाताना त्याने ते सादर केलं आणि गाणं आठव्या क्रमांकापर्यंत चढलं.

दुसऱ्याच्या जुन्या बीटवर फ्रीस्टाइल टाकणं ही ग्राइमची जुनी रीत आहे. पण ते विक्रीला ठेवायच्या आधी बीटवाल्याशी लेखी वाटणी करावीच लागते. रिवाज असा की रचनेचा निम्मा भाग बीटचा आणि निम्मा शब्दांचा. गाणं गाजल्यावर वाटणीला बसलात तर समोरचा जे मागेल ते द्यावं लागतं.

'गँग साइन्स अँड प्रेअर' फेब्रुवारी 2017 मध्ये त्याच्या मर्की लेबलवर आला, वॉर्नरच्या वितरण शाखेमार्फत, आणि पहिल्या क्रमांकावर गेलेला पहिला ग्राइम अल्बम ठरला. हाताखाली फ्रेझर टी स्मिथसारखा कसलेला निर्माता होता, म्हणून त्यात गॉस्पेल आणि संथ गाणीही बसली. 2019 चा दुसरा अल्बम मर्की आणि अटलांटिक या मोठ्या लेबलचा मिळून, तोवर ग्लॅस्टनबरी महोत्सवाचं मुख्य स्टेज त्याने गाजवलं होतं. 2022 चा तिसरा 0207 डेफ जॅम या लेबलसोबत. दर वेळी टेबलावर बसताना त्याच्या हातात आधीच्या अल्बमचा पुरावा होता.

पैशाचं गणित

लेबलचा ठराविक करार असा समजा: 50,000 पौंड आगाऊ, रॉयल्टी 18 टक्के. आगाऊ रक्कम तुमच्या 18 टक्क्यांतून वसूल होते, लेबलच्या वाट्यातून नाही. म्हणजे लेबलकडे सुमारे 2,78,000 पौंड जमल्यावर तुमचं खातं शून्यावर येतं आणि पुढचा पैसा तिथून सुरू होतो. रेकॉर्डिंगचा खर्च आणि बऱ्याचदा व्हिडिओचा निम्मा खर्चही त्याच खात्यात चढवलेला असतो. वितरकाशी, म्हणजे गाणी फक्त बाजारात पोचवणाऱ्याशी, करार असेल आणि तो 20 टक्के घेत असेल, तर 1,00,000 पौंडांतले 80,000 तुमचे. पण स्टुडिओ, मिक्सिंग, व्हिडिओ, जाहिरात सगळं आधी स्वतःच्या खिशातून.

वाट कोणतीही धरा, दोन नोंदण्या चुकवू नका. ब्रिटनमध्ये पीआरएस ही संस्था रचनेचे पैसे गोळा करते, पीपीएल ही रेकॉर्डिंगचे. एकीत नाव घातलं म्हणजे दुसरी आपोआप होत नाही, आणि नवोदितांचे पैसे नेमके इथे अडकतात. मुंबई-पुण्याहून लिहिणारे असाल तर रचनेसाठी आयपीआरएस या भारतीय संस्थेचं सदस्यत्व घ्या, ब्रिटनमध्ये वाजलेल्याचे पैसे त्यांच्यामार्फत येतात. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा क्रमांक, आणि स्टुडिओतून निघायच्या आधी वाटणीचा कागद: नाव, टक्के, सही.

कुणी काय निवडावं

आवाज अगदी वेगळा आहे, नमुन्यांचे परवाने लागणार आहेत, घरात हिशेब बघणारं कुणी नाही: डिझीची वाट. पण स्वतंत्र लेबल शोधा, एक अल्बम आणि फार तर एकच ऑप्शन (पुढचा अल्बम घेण्याचा लेबलचा हक्क) द्या, आणि मास्टर (मूळ रेकॉर्डिंग्ज) ठराविक वर्षांनी परत मिळतील असं कलम मागा. बीट स्वतः बनवता येतात, दुसरा उत्पन्नाचा मार्ग आहे आणि जेएमईसारखा माणूस जवळ आहे: स्केप्टाची वाट, नऊ वर्षांच्या तयारीने. गाणं टाकल्यावर लोक स्वतःहून दुसऱ्याला पाठवतात आणि तिकिटं विकली जातात: स्टॉर्मझीचा क्रम, आधी वितरक, मग भागीदारी.

मोठ्या लेबलची पहिली मागणी 'एक गाणं थोडं हळू करा, गायिका घेऊ' अशी असेल, तर 'डूइन इट अगेन' आणि 'दॅट्स नॉट मी' लागोपाठ ऐका. आणि करारात 'डिलिव्हरी' म्हणजे काय तेवढं वकिलाकडून वाचून घ्या. तिथे 'लेबलच्या पसंतीस उतरलेली रेकॉर्डिंग्ज' असं लिहिलेलं असेल, तर गाणी देऊनही अल्बम दिल्याचं धरलं जात नाही आणि मुदत पुढे सरकत राहते. तिथे 'तांत्रिकदृष्ट्या योग्य' असे शब्द घालून घ्या.