एक दिवसाचं शिबिर की चार बैठका?

घरात मार खाणाऱ्या बाईशी कसं बोलायचं, हे आशाताईंना शिकवायचं तर जळगाव-धुळ्याच्या सभागृहातलं एक दिवसाचं शिबिर उरकायला सोपं. शंभरेक जणी, एक वकील, 2005चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, महिलांसाठीची 181 हेल्पलाइन, जेवण. कायदा कळतो, समोर मार खाल्लेली बाई बसली की काय बोलायचं, ते मात्र अंगवळणी पडत नाही.

तालुक्याला पंधरा-वीस जणींच्या, आठवड्याला एक अशा अर्ध्या दिवसाच्या चार बैठकांत तिघी-तिघींचा सराव होतो: एक आशाताई बनते, एक पीडित, तिसरी फक्त बघते. ‘ताई, मग आधीच का नाही निघालात?’ हा प्रश्न तिथेच पकडला जातो. त्यात दोष तिच्यावरच येतो आणि ती गप्प होते. त्यापेक्षा सासू-नवऱ्याला ऐकू जाणार नाही असं बसवून ‘काय व्हयनं माय?’ (काय झालं?) एवढं विचारायचं आणि थांबायचं. धक्क्यात घटना क्रमाने आठवत नाहीत. तारखा मागेपुढे झाल्या म्हणजे ती खोटं बोलते असं नाही. हे ठाऊक नसलं की संरक्षण अधिकाऱ्याच्या घटना अहवालासाठी (कायद्याच्या नियमांतला नमुना 1) माहिती विचारताना उलटतपासणीच होते.

बैठकांना खर्च जास्त, कापूस वेचणीत गळतीही होते. शिवाय सरावात एखादीची स्वतःची जखम उघडी पडते; समुपदेशक हजर हवीच, उठून जायची मुभाही.

तरी पैसे एकापुरतेच असतील तर बैठकाच घ्या. कायद्याचा भाग पहिल्या तासात बसतो. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात भिली-पावरी बोलणारी दुभाषी ठेवा, पण पीडितेच्या भावकीतली नको.