सायकल भत्ता की शेड आणि न्हाणीघर?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीला सायकलने येणाऱ्यांसाठी काही करायचं असेल, तर दोन वाटा आहेत: पगारात भत्ता द्यायचा, नाहीतर आवारात सोयी करायच्या.

भत्ता सोपा, एक परिपत्रक काढलं की झालं. बेल्जियममध्ये किलोमीटरमागे असा भत्ता मिळतो. ट्यूब, ब्रेक, चेनचा खर्च त्यातून सुटतो. पण रोज खरंच सायकलने कोण आलं, हे तपासणार कोण? शिवाय जुलैत त्र्यंबक रोडने चिंब भिजून आलेल्याचे कपडे भत्त्याने वाळत नाहीत.

सोयींना जागा लागते, सुरुवातीला खर्चही होतो. त्या नीट मात्र करायला हव्यात. पुढचं चाक अडकवायचे स्टँड बसवू नका. धक्का लागला की रिम वाकते आणि चाक तिथेच सोडून बाकीची सायकल चोराला नेता येते. फ्रेमला कुलूप लावता येईल असे जमिनीत रोवलेले उलट्या 'यू'चे पाइप हवेत, वर पत्रा, आणि शेड गेटवरच्या वॉचमनच्या नजरेत. भंगाराच्या मागे तर मुळीच नको. न्हाणीघर, लॉकर, ओले कपडे टाकायला दोरी, हवा भरायचा पंप.

नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आरपार जाणारी सायकल शर्यत पूर्ण केली, त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण इथे वर्षानुवर्षं सायकलवर कामाला येतात ते हेल्पर आणि कंत्राटी कामगार. भत्ता बहुतेक वेळा कायम कामगारांपुरताच राहतो, शेड सगळ्यांची असते. म्हणून माझं मत सोयींना. पैसे कमी असतील तर आधी पत्रा आणि नळ करा. भत्ता पुढच्या वेतनकरारात मागता येईल.