दहा दिवसांत धीट? मुलींच्या उन्हाळी वर्गाचा हिशेब

मे महिन्यातला 10 दिवसांचा वर्ग, रोज 2 तास, वय 12 ते 19. जाहिरातीत सभाधीटपणा, आत्मविश्वास, देहबोली, सगळं आहे. नाव देत नाही. याच साच्याचे वर्ग गल्लोगल्ली निघालेत.

आधी साधा गुणाकार. तुकडीत 40 मुली. एकेकीला 3 मिनिटं दिली की 120 मिनिटं, म्हणजे अख्खा दिवस गेला. त्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला भाषणं दोनच, पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. तीही ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून पाठ केलेली. मधली ओळ विसरली की मुलगी ओढणीचं टोक पिळत पुन्हा पहिल्या वाक्यावर जाते, कारण तिला ओळी पाठ असतात, मुद्दा नाही. चिठ्ठीवर तीनच शब्द लिहून बोलायला लावलं असतं तर हे टळलं असतं. आणि तुकडी 12-15 जणींचीच हवी.

वयाची सरमिसळ त्याहून वाईट. तेरा वर्षांच्या मुलीला मैत्रिणींनी गटातून वगळल्याचं, युनिफॉर्मवर पडलेल्या डागाचं ओझं असतं. एकोणीसच्या मुलीसमोर हॉस्टेल, नोकरी, घरात निघालेला लग्नाचा विषय. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सननेही ‘मी कोण’ हा पौगंडावस्थेतला पेच आणि तरुणपणातला जवळिकीचा प्रश्न हे वेगळे टप्पे मानलेत. इथे मात्र दोघींना ‘माझे ध्येय’ हा एकच कागद. धाकटी शेजारणीच्या कागदात डोकावून ‘आयएएस’ लिहिते.

ग्रूमिंगच्या दिवसाला शून्य गुण. ‘पोक काढू नकोस’ हे सगळ्यांदेखत सांगितलं जातं. या वयात पोक बऱ्याचदा छाती झाकायला येतं. त्यावर नीट मापाची ब्रा आणि बाजूला घेऊन केलेलं बोलणं कामी येतं. चारचौघांत टोकलं की मुलगी आणखी आक्रसते.

पैसे वसूल होतात ते बँकेच्या दिवशी. दहा वर्षांपुढच्या मुलांना, बँकेने घातलेल्या मर्यादेत, स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं. वर्गातल्या बहुतेकींना हे ठाऊकच नसतं. पैसे काढायची स्लिप भरताना खरी अडचण सहीची. तीनदा केली, तीन तऱ्हांची. सही नमुन्याशी जुळली नाही तर स्लिप परत येते, म्हणून मुली वहीची पानंच्या पानं भरून आपली एक सही ठरवतात, आणि शिक्षिका मध्ये बोलत नाहीत.

पाचापैकी दोन गुण. त्यातला दीड या दिवसाचा.